न्यूमोकॉकसचं साखरेचं कवच

ग्रिफिथचा प्रयोग तुम्हाला पाठ असणार. नेट असो, सेट असो की पीएचडीची प्रवेश परीक्षा, तो कुठे ना कुठे विचारतातच. एस म्हणजे गुळगुळीत, आर म्हणजे खरबरीत, गरम करून मारलेला एस अधिक जिवंत आर, आणि उंदीर मेला. मग एव्हरी, मग हर्शी आणि चेस, मग वॉटसन आणि क्रिक. नोट्समध्ये बाणाला बाण जोडलेले असतात आणि आपण डीएनएपर्यंत पोचतो.

या बाणांच्या नादात एक साधा प्रश्न राहून जातो. तो जिवाणू गुळगुळीत दिसत होता तो कशामुळे? उंदराच्या पोटात नेमकं काय बदललं? पुस्तकात त्याचं उत्तर एका शब्दात आहे, 'कॅप्सूल', म्हणजे जिवाणूच्या भोवतीचं कवच. हे कवच लांबच लांब साखरेच्या साखळ्यांचं, म्हणजे पॉलिसॅकराइडचं असतं. आणि आज मला त्याचाच इतिहास सांगायचा आहे, कारण या एका कवचाभोवती रसायनशास्त्र, इम्युनॉलॉजी आणि जेनेटिक्स ही तिन्ही माणसं जवळजवळ एकाच मजल्यावर काम करत होती. आपण मात्र हे तीन धडे तीन वेगळ्या पुस्तकांत शिकतो आणि मग पीएचडीच्या पहिल्या वर्षी पेपर वाचताना अडखळतो. पेपर असतो जीन लोकसचा आणि सुरुवातीलाच संदर्भ असतो १९२३ चा. का, ते कळत नाही.

सुरुवात अगदी थोडक्यात उरकू. न्यूमोकॉकस हा जिवाणू १८८१ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवला, फ्रान्समध्ये पाश्चरने आणि अमेरिकेत स्टर्नबर्गने. स्टर्नबर्गने तर स्वतःचीच थुंकी सशाला टोचली होती! बर्लिनमध्ये फ्रीडलेंडरच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसात जिवाणू शोधायचं काम चाललं होतं, तिथेच १८८४ मध्ये ग्रामने आपला प्रसिद्ध रंग शोधला. जिवाणूभोवती न रंगणारी एक पोकळ कडा दिसते हे तेव्हापासून माहीत होतं. १९०२ मध्ये नॉयफेल्डने पाहिलं की योग्य प्राण्याचा सीरम घातला की ही कडा फुगल्यासारखी ठळक होते. अयोग्य सीरम घातला तर काहीच होत नाही.

'योग्य' आणि 'अयोग्य' हा फरक त्या काळात जीवन-मरणाचा होता, हे लक्षात घ्या. प्रतिजैविकं नव्हती. न्यूमोनिया झालेल्या माणसाला देण्यासारखं एकच हुकमी औषध, ते म्हणजे घोड्याला जिवाणू टोचून मिळवलेला सीरम. पण न्यूमोकॉकसचे प्रकार वेगवेगळे निघाले. टाइप १ चा सीरम टाइप २ च्या रुग्णाला दिला तर उपयोग शून्य. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलात रुफस कोलच्या हाताखाली हेच काम चालायचं. डोशे आणि गिलेस्पी यांनी १९१३ मध्ये प्रकारांची विभागणी केली: १, २, ३ आणि बाकी सगळा कचरा टाइप ४ मध्ये. या 'टाइप ४' नावाच्या गाठोड्यातून पुढे डझनांनी प्रकार निघाले. रुग्ण आला की आधी थुंकी उंदराला टोचायची, जिवाणू वाढू द्यायचे, प्रकार ओळखायचा, मग सीरम. तोवर रुग्ण तग धरेल तर.

म्हणून डोशे आणि ऑस्वाल्ड एव्हरी लवकर ओळखायची युक्ती शोधत होते. १९१७ मध्ये त्यांना दिसलं की आजारी माणसाच्या रक्तात आणि लघवीतसुद्धा असं काहीतरी विरघळलेलं असतं, जे त्या त्या प्रकारच्या सीरमशीच गाळ देतं. जिवाणू नाहीत, नुसतं द्रव. तरी प्रकाराची ओळख त्यात शाबूत. उकळलं तरी ते टिकतं. ट्रिप्सिन घातलं तरी टिकतं. दोघांनी त्याला नाव दिलं 'विशिष्ट विद्राव्य पदार्थ'. नावातच कबुली आहे की तो काय आहे हे अजून ठाऊक नाही.

प्रथिन असतं तर ट्रिप्सिनने ते तोडायला हवं होतं. आज आपण लगेच म्हणू की मग ते प्रथिन नाही. पण त्या काळी अँटिबॉडी ज्याला ओळखते ती गोष्ट प्रथिनच असणार, असं बहुतेक सगळे धरून चालत. ती समजूत मूर्खपणाची नव्हती. प्रथिनांत विविधता आहे, हे दिसत होतं. साखरेत कसली विविधता? स्टार्च म्हणजे ग्लुकोज, ग्लुकोज, ग्लुकोज. त्यात 'मी टाइप २, मी टाइप ३' असं सांगायला जागा कुठे?

एव्हरी स्वतः केमिस्ट नव्हता. त्याच इमारतीत मायकेल हायडलबर्गर नावाचा तरुण केमिस्ट हिमोग्लोबिनवर काम करायचा. हायडलबर्गरने पुढे आठवणीत सांगितलंय की एव्हरी अधूनमधून धूसर रंगाच्या पावडरची एक छोटी बाटली घेऊन यायचा आणि जिवाणूंच्या विशिष्टतेचं सगळं रहस्य यात आहे, तुम्ही कधी हात घालताय, असं विचारायचा. शेवटी हायडलबर्गरने हात घातला. शुद्ध करत गेला तसं नायट्रोजनचं प्रमाण कमी कमी होत गेलं आणि सीरमशी होणारी प्रतिक्रिया मात्र तेवढीच जोरदार राहिली. उरलं ते मुख्यतः साखर. १९२३ चा पेपर तो हा. लाखो पट पातळ केलेलं द्रावणसुद्धा योग्य सीरमशी गाळ देत होतं.

लोकांनी विश्वास ठेवला नाही. साखर शुद्ध नसणार, तिला चिकटलेलं चिमूटभर प्रथिनच खरं काम करत असणार, असा आक्षेप. हा आक्षेप नीट लक्षात ठेवा, कारण बरोबर एकवीस वर्षांनी हाच आक्षेप याच एव्हरीवर पुन्हा घेतला जाणार आहे, फक्त तेव्हा साखरेच्या जागी डीएनए असेल.

आक्षेपाला उत्तर मिळालं ते वेगवेगळ्या प्रकारांची तुलना करून. हायडलबर्गर, गोबेल आणि एव्हरी यांनी १९२५ पर्यंत टाइप १ आणि ३ ची साखरही वेगळी काढली. तिन्ही रसायनं खरोखरच निराळी निघाली. टाइप १ मध्ये नायट्रोजन होता, पण तो अमिनो साखरेचा. टाइप ३ मध्ये नायट्रोजन जवळजवळ नाहीच, आणि ते आम्ल होतं. या नायट्रोजन नसलेल्या साखरेचा हायडलबर्गरने नंतर केंडलबरोबर जो उपयोग केला, तो मला आजही फार हुशारीचा वाटतो. साखर आणि सीरम मिसळले की गाळ बसतो. गाळातला नायट्रोजन मोजा. साखरेत नायट्रोजन नाही, म्हणजे जो मिळाला तो सगळा अँटिबॉडीचा. अँटिबॉडी तोवर 'अमुक पट पातळ करेपर्यंत काम करते' अशा एककात मोजायचे. इथे ती पहिल्यांदा मिलिग्रॅममध्ये मोजता आली. इम्युनॉलॉजीत वजनकाटा आला तो या कवचामुळे.

आता साखरेत विविधता येते कुठून, ते बघू. हे समजलं नाही तर पुढचं जेनेटिक्स नुसतं जीनच्या नावांचं जंगल वाटेल. दोन अमिनो आम्लं घ्या. पेप्टाइड बंध जोडायची पद्धत एकच, त्यामुळे दोन ग्लायसिनपासून एकच डायपेप्टाइड. आता दोन ग्लुकोज घ्या, सहा जणांच्या कड्याच्या रूपात. पहिल्याचा एक नंबरचा कार्बन दुसऱ्याच्या २, ३, ४ किंवा ६ नंबरला जोडता येतो, तोही अल्फा किंवा बीटा पद्धतीने. झाले आठ. शिवाय एक नंबर एक नंबरला जोडायचे तीन प्रकार. एकूण अकरा. मणी तोच, पण त्याला भोकं इतकी आहेत की पोत कशी ओवली यावर तिचा आकार ठरतो. त्यात वेगवेगळे मणी आले, मधूनच फॉस्फेट आलं, कुठे ॲसिटाइलचा गट लटकला, की शंभर प्रकार व्हायला काहीच अडचण नाही.

टाइप ३ ची साखळी या सगळ्यात सोपी. ग्लुकोज आणि ग्लुकुरॉनिक आम्ल, पुन्हा ग्लुकोज आणि ग्लुकुरॉनिक आम्ल, एवढंच हजारो वेळा. या जोडीला सेलोबायुरॉनिक आम्ल म्हणतात. एवढी साधी रचना, आणि न्यूमोनियात सगळ्यांत जीवघेणा प्रकार हाच. बशीत त्याच्या वसाहती ओल्या थेंबासारख्या चमकतात, इतकं कवच तो तयार करतो.

पण कवच आहे म्हणून तो मारतो, की मारणाऱ्या प्रकाराला योगायोगाने कवच आहे? हा प्रश्न संशोधक म्हणून तुम्हाला पडायला हवा. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी, असं होत नाही. यावर उपाय म्हणून जिवाणू तसाच ठेवून फक्त कवच काढून घ्यावं लागेल. कसं? साखर तोडणारं एन्झाइम हवं. माणसाच्या शरीरात ते नाही. एव्हरीने हा प्रश्न १९२७ च्या सुमारास एका तरुण मातीशास्त्रज्ञासमोर मांडला, रेने द्युबो. तो नुकताच रटगर्समधून, वॉक्समनच्या प्रयोगशाळेतून पीएचडी करून आला होता. त्याचा विचार सरळ होता. अशा साखरा निसर्गात सतत तयार होत असणार. त्या साठून राहत नाहीत, म्हणजे मातीत त्या खाणारं कोणीतरी असणार. मग त्याने माध्यमात खाण्यालायक दुसरं काही न ठेवता फक्त टाइप ३ ची साखर ठेवली आणि त्यात वेगवेगळ्या ठिकाणची माती घातली. जो जगेल तो आपला. न्यू जर्सीतल्या क्रॅनबेरीच्या दलदलीतल्या मातीतून असा एक जिवाणू मिळाला.

त्याच्यापासून काढलेलं एन्झाइम टाइप ३ चं कवच विरघळवायचं. जिवाणू मरायचा नाही, फक्त उघडा पडायचा, आणि मग शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकायच्या. टाइप ३ टोचलेले उंदीर एन्झाइम दिलं की वाचायचे. टाइप १ आणि २ टोचलेले वाचायचे नाहीत. १९३० मध्ये एव्हरी आणि द्युबोने हे छापलं. कंट्रोल म्हणून याहून सुंदर काय असणार! आणखी एक बारीकशी नोंद या कामातून आली, ती म्हणजे मातीतला जिवाणू हे एन्झाइम तेव्हाच बनवतो जेव्हा त्याला ती साखर समोर दिसते. चांगलं अन्न दिलं तर बनवत नाही. लॅक ऑपेरॉन तुम्ही शिकता त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. माकडांवरही प्रयोग झाले, पण तेवढ्यात सल्फा औषधं आली आणि एन्झाइमचा उपचार मागे पडला. द्युबो मात्र हीच युक्ती घेऊन पुढे गेला आणि १९३९ मध्ये मातीतूनच ग्रामिसिडिन मिळवलं.

त्याच काळात, त्याच प्रयोगशाळेत आणखी एक काम झालं. ते तेव्हा दुर्लक्षित राहिलं आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली, असं माझं मत आहे. शुद्ध साखर सशाला टोचली तर अँटिबॉडी जवळजवळ बनत नसत. १९३१ मध्ये एव्हरी आणि गोबेलने टाइप ३ ची साखर घोड्याच्या सीरममधल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली. तीच साखर, पण प्रथिनाच्या पाठीवर बसवलेली. आता सशात भरपूर अँटिबॉडी तयार झाल्या आणि टाइप ३ पासून संरक्षणही मिळालं. तुम्ही 'काँजुगेट लस' हा शब्द ऐकला असेल, तर हीच ती कल्पना. ती लहान मुलांसाठी लस म्हणून वापरात यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

आता ग्रिफिथकडे. फ्रेडरिक ग्रिफिथ लंडनमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत होता आणि त्याला जीन वगैरे शोधायचं नव्हतं. त्याला पडलेला प्रश्न साथरोगाचा होता: एकाच रुग्णाच्या थुंकीत वेगवेगळे प्रकार सापडतात, ते बाहेरून आलेले की एकातून दुसरा झालेला? १९२८ चा त्याचा पेपर हा या प्रश्नाचा आहे. टाइप २ पासून आलेला, कवच गमावलेला खरबरीत जिवाणू आणि टाइप ३ चे मेलेले जिवाणू एकत्र टोचले, तर उंदरातून जिवंत टाइप ३ निघाला. टाइप २ नव्हे, हे महत्त्वाचं. खरबरीत जिवाणूला त्याचं जुनं कवच परत मिळालं असतं तर तो 'बरा झाला' असं म्हणता आलं असतं. त्याला दुसऱ्याचं कवच मिळालं. आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

प्रकार कायमचे असतात, या पायावर रॉकफेलरचं सगळं सीरम उपचाराचं काम उभं होतं, त्यामुळे एव्हरीला हे आधी पटलं नाही. पण त्याच्याच प्रयोगशाळेतल्या डॉसनने ते पडताळलं आणि नंतर उंदराशिवाय, नुसत्या नळीत करून दाखवलं. ॲलोवेने पेशी गाळून टाकून नुसत्या अर्काने केलं. मग प्रश्न उरला, अर्कातलं नेमकं काय?

पहिला संशय साहजिकच कवचाच्या साखरेवर होता. टाइप ३ ची साखरच साचा म्हणून काम करत असेल, खरबरीत जिवाणू ती पाहून तशीच बनवत असेल. ही शक्यता कशी काढून टाकायची? इथे द्युबोचं एन्झाइम कामाला आलं. एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी अर्क शुद्ध करताना क्रॅनबेरीच्या दलदलीतल्या जिवाणूचं एन्झाइम वापरून टाइप ३ ची साखर पचवून टाकली, आणि रूपांतर करायची ताकद तशीच राहिली. प्रथिनं तोडणारी एन्झाइमं घातली, ताकद राहिली. डीएनए तोडणारं एन्झाइम असलेले अर्क घातले, ताकद गेली. फेब्रुवारी १९४४ चा तो पेपर तुम्ही मूळातून वाचाच. साखर तोडणारं ते एन्झाइम हातात नसतं, तर 'साखरच साचा आहे' असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करणं जड गेलं असतं. पाठ्यपुस्तकातल्या बाणांमध्ये द्युबोचं नाव नसतं, ही मला तरी खटकणारी गोष्ट आहे. ग्रिफिथला हे काही बघायला मिळालं नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात तो गेला. आणि डीएनएला चिकटलेलं चिमूटभर प्रथिनच खरं काम करत असेल, हा आक्षेप आलाच.

पण थांबा. डीएनए मिळालं म्हणजे कवच कसं मिळालं? साखरेसाठी कोडॉन नसतो. प्रथिनाचा क्रम जीनमध्ये अक्षरशः लिहिलेला असतो, साखळीचा तसा नसतो. जीन एन्झाइम लिहितो, एन्झाइम ठरवतं कुठली साखर कुठे आणि कशी जोडायची. म्हणजे अर्कात साखर नव्हती, साखर विणणाऱ्या कारागिरांची यादी होती. हे टाइप ३ मध्येच पहिल्यांदा स्पष्ट झालं. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे ऑस्ट्रियन, बर्नहायमर, मिल्स आणि स्मिथ यांनी दाखवलं की कवच नसलेल्या काही टाइप ३ म्युटंटमध्ये एकच एन्झाइम बिघडलेलं असतं: यूडीपी-ग्लुकोजपासून यूडीपी-ग्लुकुरॉनिक आम्ल करणारं डिहायड्रोजिनेज. कच्चा माल नाही तर विणकाम नाही. नंतर जीन वाचता आले तेव्हा कळलं की टाइप ३ ला मुळात दोनच जीन पुरतात: एक हे डिहायड्रोजिनेज आणि दुसरा साखळी विणणारा सिंथेज. एव्हरीचा खरबरीत जिवाणू टाइप २ च्या कवच-जीन्सचा मोठा तुकडा गमावून बसलेला होता. त्या जागी टाइप ३ चा तुकडा येऊन बसला.

लसीची गोष्ट याला समांतर चालू होती. फ्रान्सिस आणि टिलेट यांनी १९३० मध्येच पाहिलं होतं की मोठ्या माणसाच्या त्वचेत अगदी थोडी शुद्ध साखर टोचली तर अँटिबॉडी बनतात. सशाला जमत नाही ते माणसाला जमतं. दुसऱ्या महायुद्धात मॅक्लिऑड आणि हायडलबर्गर यांनी साउथ डकोटामधल्या सू फॉल्सच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर सुमारे १७ हजार सैनिकांवर चार प्रकारांच्या साखरेची लस तपासली, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत जवळजवळ थांबला. १९४५ मध्ये निकाल छापून आला. आणि तेव्हाच पेनिसिलिन आलं. कंपन्यांनी काढलेल्या लसी कोणी घेईना, त्या बाजारातून मागे गेल्या.

रॉबर्ट ऑस्ट्रियन या एका माणसाच्या हट्टामुळे त्या परत आल्या. ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी हॉस्पिटलात तो दहा वर्षं रुग्ण मोजत बसला. १९६४ मध्ये त्याने गोल्डबरोबर दाखवलं की पहिल्या पाच दिवसांत जे मरणार असतात त्यांना पेनिसिलिन वाचवू शकत नाही. औषध पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून आधीच संरक्षण हवं. चाचणी मग दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या मजुरांवर झाली. दाटीवाटीच्या वसतिगृहांत नव्याने आलेल्या मजुरांना न्यूमोनिया इतका व्हायचा, की १९११ मध्येच आल्मरॉथ राइटने तिथे संपूर्ण जिवाणूंची लस टोचून पाहिली होती. साठ वर्षांनी ऑस्ट्रियन तिथेच गेला, कारण आजाराचं प्रमाण अजून चाचणी लवकर पुरी होण्याइतकं होतं. हे वाक्य दोनदा वाचा. वर्णभेदाच्या राजवटीतल्या त्या मजुरांच्या शरीरांनी जो आकडा दिला, त्यावर १९७७ ची चौदा प्रकारांची आणि १९८३ ची तेवीस प्रकारांची लस उभी आहे. पेपरमध्ये 'उच्च प्रादुर्भाव असलेला गट' असं लिहिलेलं दिसलं की तो प्रादुर्भाव उच्च का आहे, हे विचारायची सवय लावून घ्या.

मोठ्यांचं भागलं. दोन वर्षांखालच्या मुलांचं काय? नुसती साखर टी पेशींना दाखवता येत नाही. ती बी पेशींना परस्पर उठवते, आणि तान्ह्या मुलांच्या बी पेशी अशा हाकेला ओ देत नाहीत. स्मृतीही तयार होत नाही. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी या मेंदूज्वराच्या जिवाणूवर हे ठळक दिसलं. फिनलंडमध्ये १९७४ च्या चाचणीत त्याच्या शुद्ध साखरेने मोठ्या मुलांना वाचवलं, दीड वर्षाखालच्यांना नाही. १९८० मध्ये रॉबिन्स आणि श्नीर्सन यांनी ती साखर प्रथिनाला जोडून दाखवली. एव्हरी आणि गोबेलची जुनीच युक्ती. आता बी पेशी साखर पकडून आत घेते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि मदत मिळवते. स्मिथ आणि अँडरसन स्वतंत्रपणे याच वाटेवर होते. पुढच्या दहा वर्षांत ही लस तान्ह्या मुलांना मिळू लागली, आणि तो मेंदूज्वर जिथे जिथे लस गेली तिथून जवळजवळ नाहीसा झाला.

२००६ मध्ये बेंटली आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसच्या तेव्हा माहीत असलेल्या नव्वदही प्रकारांचे कवच-जीन वाचले. ते बहुतेक सगळे जीनोममध्ये एकाच जागी, डेक्स-बी आणि अलि-ए या दोन जीन्सच्या मध्ये बसलेले असतात. या जागेला सीपीएस लोकस म्हणतात. नव्वदपैकी अठ्ठ्याऐंशी प्रकारांची पद्धत एकच: पेशीच्या आतल्या बाजूला एका लिपिडवर साखरेचा एक छोटा एकक रचायचा, डब्ल्यूझेडएक्स नावाच्या प्रथिनाने तो उलटवून बाहेर काढायचा, डब्ल्यूझेडवायने एककाला एकक जोडत साखळी वाढवायची आणि शेवटी ती पेशीभित्तीला पक्की बांधायची. टाइप ३ आणि ३७ हे दोनच अपवाद. ३७ ची तर गंमत अशी की त्याचा सीपीएस लोकस बिघडलेला आहे आणि कवच बनवणारा जीन दुसरीकडेच बसलेला आहे. तुम्ही फक्त लोकस बघून प्रकार सांगणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर इथे फसाल.

या सगळ्यात मला सगळ्यांत आवडतं उदाहरण ६ए आणि ६बी चं. दोघांची साखळी सारखीच: गॅलेक्टोज, ग्लुकोज, रॅम्नोज, रिबिटॉल, मग फॉस्फेट. फरक एकच. ६ए मध्ये रॅम्नोज रिबिटॉलच्या ३ नंबरला जोडलेला, ६बी मध्ये ४ नंबरला. आणि हा फरक करणाऱ्या डब्ल्यूसीआयपी या जीनमध्ये निर्णायक बदल एका बेसचा आहे: १९५ व्या जागी सेरिन असेल तर ६ए, ॲस्परजिन असेल तर ६बी. २००७ मध्ये मून नाम यांच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं. ज्यांना सगळे ६ए म्हणत होते त्यांतले काही मोनोक्लोनल अँटिबॉडीला वेगळे दिसत होते. त्यांच्यात गॅलेक्टोजच्या जागी ग्लुकोज होता, कारण डब्ल्यूसीआयएन हा जीन कुठून तरी आलेल्या दुसऱ्याच जीनने बदललेला होता. त्याला ६सी म्हटलं. इतकी वर्षं तो ६ए च्या नावाखाली फ्रीझरमध्ये पडून होता.

आणि ग्रिफिथच्या उंदरात घडलं ते लहान मुलांच्या नाकात रोज घडू शकतं. न्यूमोकॉकस तिथे वस्तीला असतो, बऱ्याचदा एकाहून जास्त प्रकार एकत्र, आणि डीएनए उचलायची त्याला सवय. २००० साली अमेरिकेत सात प्रकारांची काँजुगेट लस आली. लसीत १९एफ होता, १९ए नव्हता. दोघांत ग्लुकोज रॅम्नोजच्या कितव्या कार्बनला जोडला आहे एवढाच फरक, १९एफ मध्ये २, १९ए मध्ये ३. तेवढ्याने लसीचं संरक्षण पुरेसं मिळेना, आणि १९ए वाढला. त्यात काही जिवाणू असे होते की वंश लसीतल्या टाइप ४ चा, पण अंगावर कवच १९ए चं! सीपीएस लोकसच्या दोन्ही बाजूंना पेनिसिलिनला दाद न देण्याशी संबंधित जीनही आहेत, त्यामुळे एकाच उडीत कवच आणि औषधरोध दोन्ही बदलल्याची उदाहरणं आहेत.

यातला शेवटचा धागा पुण्यातला आहे. आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यासाठी मेनिंगोकॉकस ए च्या साखरेची काँजुगेट लस हवी होती आणि मोठ्या कंपन्यांना त्या किमतीत रस नव्हता. पाथ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात ती सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, साखर टिटॅनस टॉक्सॉइडला जोडून, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती द्यायला सुरुवात झाली. त्याच संस्थेची न्यूमोकॉकसची दहा प्रकारांची लस २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली. २०१७ पासून काही राज्यांत सुरू असलेली न्यूमोकॉकसची लस २०२१ मध्ये भारताच्या लसीकरण कार्यक्रमात देशभर पोचली. पुण्याच्या लसीतल्या दहा प्रकारांची यादी काढून बघा: १, ५, ६ए, ६बी, ७एफ, ९व्ही, १४, १९ए, १९एफ, २३एफ. ६ए आणि ६बी दोन्ही का आहेत, १९ए आणि १९एफ दोन्ही का आहेत, हे आता तुम्हाला कोणी सांगायला नको.

पुढच्या पोस्टमध्ये एका प्रकाराचा सीपीएस लोकस प्रत्यक्ष उघडू आणि नाव न दिलेल्या जीन्समधून डब्ल्यूझेडएक्स आणि डब्ल्यूझेडवाय कसे ओळखायचे ते बघू. तोपर्यंत १९२३ आणि १९४४ चे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत शुद्धतेचा मुद्दा कुठे आणि कसा मांडलाय, तेवढ्या ओळी पेन्सिलने खुणा करून ठेवा. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.